दिवसा दहा हजार, रात्री बाराशे!

अलास्काच्या क्रूझवरचा एक दिवस. सकाळी स्कॅगवे नावाचं चिमुकलं गाव, संध्याकाळी पुन्हा बोट. सोन्यामागे धावणाऱ्यांनी वसवलेलं हे गाव आज प्रवाशांवर जगतं. आणि त्या प्रवाशांना बोटीवर गरम जेवण वाढणाऱ्यांत आपल्या कोकणातले, गोव्यातले तरुणही असतात...

सकाळचे सात वाजलेले. केबिनच्या बाल्कनीचा पडदा बाजूला सारावा तर समुद्र दिसतच नाही. समोर उभा असतो काळाकभिन्न कातळ. इतका जवळ, की हात लांब केला तर लागेल असं वाटावं. त्या कातळावर पांढऱ्या, निळ्या, लाल रंगांत अक्षरं रंगवलेली. कुठे बोटीचं नाव, कुठे कप्तानाचं, कुठे एखादं जुनं वर्ष. बोट पहिल्यांदा या धक्क्याला लागली, की तिच्या खलाशांनी कड्यावर चढून आपल्या बोटीची सही ठोकायची, ही इथली कित्येक दशकांची प्रथा. आपल्याकडे गडकिल्ल्यांवर बाण मारलेला बदाम काढणारे महाभाग आहेतच. इथे मात्र या सह्या गावाने कौतुकाने जपल्या आहेत.

हे स्कॅगवे. अमेरिकेच्या अलास्का राज्याचा जो चिंचोळा पट्टा कॅनडाच्या कडेकडेने खाली उतरतो, त्याच्या उत्तर टोकाला, डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं गाव. व्हँकुव्हर किंवा सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या बहुतेक क्रूझ इथे एक दिवस थांबतात. २०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या भरली १,२४०. आणि उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी इथे उतरणारे प्रवासी? दहा हजारांहून जास्त! तीन-चार मोठ्या बोटी एकाच सकाळी धक्क्याला लागतात. कोकणातल्या एखाद्या वाडीवर रोज वारी उतरावी आणि रोज दिवेलागणीला परत जावी, तशातली ही गोष्ट. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतच्या हंगामात हा आकडा दहा लाखांच्या घरात जातो.

एवढी माणसं येतात कशाला? हिमाच्छादित डोंगर, धबधबे, स्वच्छ हवा हे तर अलास्कात सगळीकडेच आहे. स्कॅगवेकडे आणखी एक गोष्ट आहे: सोन्याच्या वेडाची कहाणी.

एक टन सामान, मगच कॅनडा!

ऑगस्ट १८९६. कॅनडाच्या युकॉन प्रांतात क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. बातमी बाहेर पोचायला जवळजवळ वर्ष लागलं. १७ जुलै १८९७ या दिवशी 'पोर्टलँड' नावाची बोट सोनं आणि ते सापडलेली माणसं घेऊन सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागली आणि अमेरिकेला अक्षरशः ताप चढला. कारकुनांनी नोकऱ्या सोडल्या, दुकानदारांनी दुकानं विकली. अंदाजे एक लाख माणसं क्लोंडाइकच्या वाटेला लागली.

त्यांच्यातले हजारो जण बोटीने इथे उतरले. दोन-चार घरांच्या या किनाऱ्यावर बघता बघता आठ-दहा हजारांची वस्ती झाली. पण सोनं इथे नव्हतंच! ते होतं डोंगरापलीकडे, आणखी आठशे-नऊशे किलोमीटरवर. मध्ये दोन खिंडी. स्कॅगवेहून व्हाइट पास आणि शेजारच्या डाया गावाहून चिलकूट. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री जवळ असल्याशिवाय ते कुणालाही आत सोडत नसत. पीठ, डुकराचं मांस, तंबू, कुदळी धरून हे सामान भरायचं जवळजवळ एक टन. एका माणसाच्या पाठीवर एका वेळी किती मावणार? मग तोच चढ वीस-तीस वेळा चढायचा आणि उतरायचा.

व्हाइट पासच्या वाटेवर लोकांनी घोडे घातले. चारा नाही, वाट नाही, पाठीवर वाट्टेल तेवढं ओझं. सुमारे तीन हजार घोडे आणि खेचरं त्या वाटेवर मेली. तिथली घळ आजही 'डेड हॉर्स गल्च', म्हणजे मेलेल्या घोड्यांची घळ, या नावाने ओळखली जाते.

इतकं करून पोचलेले तीस-चाळीस हजार. सोनं मिळालं त्यातल्या सुमारे चार हजारांना, आणि खऱ्या अर्थाने श्रीमंत झाले ते काही शेच. बाकीच्यांचे पैसे गेले कुठे? वाटेतल्या दुकानांत, खाणावळींत, दारूच्या गुत्त्यांत. म्हणजे स्कॅगवेत! या गावाला पहिल्या दिवसापासून एकच खाण माहीत आहे, येणारा-जाणारा प्रवासी.

बोरघाटाहून कडक चढण

बोटीवरून उतरणारे बरेच प्रवासी आधी गाडी गाठतात. 'व्हाइट पास अँड युकॉन रूट' ही तीन फुटी रुळांची रेल्वे. मे १८९८ मध्ये काम सुरू झालं आणि २९ जुलै १९०० या दिवशी, म्हणजे सव्वादोन वर्षांत, १७७ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. स्कॅगवेहून खिंडीचा माथा बत्तीस-तेहतीस किलोमीटरवर, आणि तेवढ्यात गाडी चढते २,८६५ फूट. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, इथे सुमारे २६ फुटांना एक!

जुन्या धाटणीचे लाकडी डबे, प्रत्येक डब्याच्या टोकाला उघडा सज्जा. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी, दरी त्या बाजूला आहे. ज्यांना ती मिळत नाही त्यांनीही हिरमुसू नये. माथ्यावर इंजिन दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात.

गाडी कड्याला चिकटून वर सरकते. एका ठिकाणी काळा क्रूस दिसतो. ऑगस्ट १८९८ मध्ये सुरुंगाच्या स्फोटाने सुटलेला प्रचंड खडक इथे दोन मजुरांवर कोसळला. तो हलवणं शक्य नव्हतं, तोच त्यांचा थडग्याचा दगड झाला. बोरघाट फोडताना प्राण गमावलेल्या हजारो मजुरांची आठवण मराठी माणसाला इथे झाल्याशिवाय राहत नाही. घाट कुठलाही असो, त्याच्या पायात कुणीतरी गाडलेलं असतं. पुढे १९०१ चा पोलादी पूल लागतो. १९६९ पासून तो वापरात नाही. आणि मग रुळांच्या खाली, झुडपांतून एक बारीक पायवाट दिसते. तीच ती १८९७ ची वाट. बसल्या जागी, हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन ती पाहताना मनात थोडं अवघडल्यासारखं होतं. माथ्यावर अमेरिका आणि कॅनडा, दोन्ही देशांचे झेंडे फडकत असतात. पावणेतीन-तीन तासांत गाडी पुन्हा गावात.

फळकुटांची भिंत आणि साबणवाला ठग

स्कॅगवेचा मुख्य रस्ता म्हणजे ब्रॉडवे. लाकडी फुटपाथ, उंच खोट्या दर्शनी भिंती असलेली दुकानं. इंग्रजी काऊबॉय सिनेमाचा सेट वाटावा. पण बहुतेक घरं खरी आहेत. १९७६ मध्ये या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला आणि जुन्या इमारती दुरुस्त झाल्या. जुन्या रेल्वे स्थानकात उद्यानाचं माहिती केंद्र आहे, पहिला अर्धा तास तिथे घालवलेला बरा. समोरच दिसतं 'आर्क्टिक ब्रदरहुड हॉल'. त्याच्या दर्शनी भिंतीवर समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाची ८,८०० हून अधिक फळकुटं ठोकून नक्षी केली आहे. १८९९ साली हिवाळ्यात दुसरा उद्योग काय असणार?

गावाची सर्वांत चवीने सांगितली जाणारी कथा मात्र एका ठगाची. जेफर्सन स्मिथ ऊर्फ 'सोपी'. साबणाच्या वड्यांना नोटा गुंडाळून लोकांना भुलवायचं, आणि नोटेची वडी नेमकी आपल्याच माणसाच्या हाती लागेल अशी तजवीज करायची. या धंद्यावरून हे नाव पडलं. स्कॅगवेत त्याने तारघर काढलं होतं म्हणतात. पाच डॉलर घेऊन घरी तार पाठवायची. फक्त, त्या तारघराची तार कुठेही जोडलेली नव्हती! ४ जुलै १८९८ या अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत हा ठग घोड्यावर बसून पुढे होता, आणि चारच दिवसांनी, ८ जुलैला, धक्क्यावरच्या गोळीबारात मारला गेला. त्याच्याशी भिडलेला फ्रँक रीड बारा दिवसांनी गेला. दोघांच्याही कबरी गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत आहेत. गावातून चालत गेलं तर तीनेक किलोमीटर. मागेच रीडच्या नावाचा धबधबा आहे. दुपारचा हा फेरफटका फुकट आहे आणि गर्दीपासून दूरही.

ब्रॉडवेवर आज सर्वांत जास्त लखलखाट कसला, तर जवाहिऱ्यांच्या दुकानांचा. हिवाळ्यात कॅरिबियन बेटांच्या बंदरांत हिरे, टान्झानाइट विकणारे व्यापारी बोटींच्या मागोमाग उन्हाळ्यात अलास्कात येतात. त्यांत भारतीय वंशाचेही आहेत. काचेपलीकडून अचानक हिंदी कानावर पडली तर दचकू नये. खरेदी करायचीच असेल तर ही दुकानं गावकऱ्यांची की हंगामी व्यापाऱ्यांची, एवढं विचारून घ्यावं. दोन्हींच्या गल्ल्यातला पैसा ऑक्टोबरनंतर वेगवेगळ्या दिशेला जातो.

बोटी आल्या नाहीत तेव्हा

असं गाव वरून मजेचं दिसतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पोट असलेल्या गावाची खरी कसोटी लागते ती वाहतूक थांबल्यावर.

पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या डायाचं उदाहरण गावापुढे आहेच. १८९८ च्या वसंतात तिथेही हजारोंची वस्ती होती, हॉटेलं होती. रेल्वे मात्र स्कॅगवेतून गेली, आणि चार-पाच वर्षांत डाया रिकामं झालं. आज तिथे आहे रान, काही कुजके खांब, आणि ३ एप्रिल १८९८ च्या हिमकड्याखाली गेलेल्यांची दफनभूमी.

स्कॅगवेवरही ही पाळी येऊन गेली. १९८२ मध्ये युकॉनच्या खाणी बंद पडल्या आणि त्यांचा माल वाहणारी रेल्वेही थांबली. सहा वर्षं रूळ गंजत पडले. १९८८ मध्ये गाडी पुन्हा धावली ती क्रूझच्या प्रवाशांसाठी.

मग आलं २०२०. करोनाच्या साथीत त्या उन्हाळ्यात एकही मोठी बोट आली नाही. सरकारी मदतनिधीतून गावाने प्रत्येक रहिवाशाला दरमहा हजार डॉलर दिले, तेव्हा कुठे घरं टिकली. पुढच्या वर्षी वेगळाच पेच. परदेशी निशाणाच्या बोटीने अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये थेट प्रवासी नेऊ नयेत, असा १८८६ चा कायदा आहे. आणि मोठ्या क्रूझ बोटी जवळजवळ सगळ्याच परदेशी निशाणाच्या. म्हणून सिअ‍ॅटलहून निघालेली बोट एरवी कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला थांबते. कॅनडाने बंदरं बंद ठेवली आणि दीडशे वर्षांकडे झुकलेला हा कायदा गावाच्या मुळावर आला. मे २०२१ मध्ये अमेरिकेने खास तात्पुरती सूट दिली, तेव्हा जुलैत बोटी दिसू लागल्या. त्यानंतर २०२२ मध्ये धक्क्यावरच्या कड्याचीच दरड कोसळली आणि एक मोठी जागा बंद ठेवावी लागली.

गर्दीने गाव वैतागतं, हे खरंच आहे. उन्हाळी कामगारांना राहायला खोली मिळत नाही, संध्याकाळपर्यंत रस्ता ओलांडायची पंचाईत. पण रिकामा धक्का काय असतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना गर्दीबद्दल बोलताना शब्द जपून वापरावे लागतात.

संध्याकाळचा भोंगा

बहुतेक बोटी रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सुटतात. प्रवाशांनी अर्धा तास आधी परतायचं असतं. इथे एक सावधगिरी हवी. अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलच्या मागे एक तास आहे, आणि मोबाइल दाखवेल ती वेळ बोटीची असेलच असं नाही. खिंडीपलीकडे स्वतंत्र बसने गेलेला प्रवासी उशिरा आला तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही. पुढचं बंदर त्याने आपल्या खर्चाने गाठायचं!

भोंगा वाजतो, दोर सुटतात. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे ही संध्याकाळ लांबतच जाते. वरच्या डेकवर लोक शाली, जाकिटं गुंडाळून उभे राहतात. बोट शिरते लिन कॅनॉलमध्ये. नाव कालव्याचं, पण हा कुणी खणलेला नाही. हिमनद्यांनी कोरलेली ही सुमारे १४५ किलोमीटर लांबीची खाडी. खोली काही ठिकाणी सहाशे मीटरहून जास्त. दोन्ही काठांना बर्फाचे डोंगर, मध्ये १९०६ चं अष्टकोनी एल्ड्रेड रॉक दीपगृह. नशीब असेल तर पाण्यातून कारंजं उडतं आणि हंपबॅक देवमाशाची शेपटी वर येते.

आत तोवर दुसरीच दुनिया सुरू झालेली असते. नाट्यगृहात नाचगाणी, कॅसिनोत खणखणाट, जेवणघरात पांढरे टेबलक्लॉथ. आधी कळवलं तर बहुतेक बोटींवर शाकाहारी, कुठे कुठे जैन जेवणही मिळतं. मध्यरात्रीच्या सुमाराला बोट व्हँडरबिल्ट रीफ या खडकाजवळून जाते, तेव्हा बहुतेक प्रवासी झोपलेले असतात. २३ ऑक्टोबर १९१८ च्या रात्री स्कॅगवेहून निघालेली 'प्रिन्सेस सोफिया' हिमवादळात याच खडकावर चढली. मदतीला बोटी आल्या होत्या, पण खवळलेल्या समुद्रात माणसं उतरवण्याचा धोका कप्तानाने घेतला नाही. जवळजवळ चाळीस तासांनी, २५ तारखेला, ती बुडाली. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. वाचला तो एक कुत्रा. हिवाळ्यापूर्वी युकॉन सोडून घरी निघालेली ही माणसं होती.

समुद्राचं हे रूप ज्यांना रोज लक्षात ठेवावं लागतं, ते प्रवाशांच्या पायाखालच्या मजल्यांवर राहतात. मोठ्या बोटीवर हजार-दीड हजार कर्मचारी असतात. पाण्याच्या पातळीलगत दोघांमागे एक केबिन. बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या त्यांच्या बोळाला अनेक बोटींवर अमेरिकेतल्या हमरस्त्यावरून 'आय-९५' म्हणतात. करार सहा ते नऊ महिन्यांचा, आठवड्याचे सातही दिवस काम. २०१३ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने दिवसात किमान दहा तास विश्रांती बंधनकारक केली आहे. म्हणजे उरलेल्या वेळात काय होत असेल, त्याचा हिशेब करावा!

या कर्मचाऱ्यांत फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या जोडीला भारतीय मोठ्या संख्येने आहेत. गोव्यात तर बोटीवर जाणाऱ्याला 'तारवटी' असा खास शब्दच आहे आणि कित्येक घरांची कौलं त्याच्या डॉलरवर बदलली आहेत. मुंबई आणि कोकणातलीही मुलं आहेत. स्कॅगवेत दोन-तीन तासांची सुट्टी मिळाली की प्रवासी गाडीकडे धावतात आणि ही मुलं मोबाइलची रेंज शोधत बसतात. इथे सकाळचे सात वाजतात तेव्हा रत्नागिरीत रात्रीचे साडेआठ झालेले असतात. घरची मंडळी जेवायला बसलेली. दुपारी सवड मिळाली तर मात्र घर झोपलेलं.

प्रवाशाच्या बिलात रोजचे साधारण पंधरा ते वीस डॉलर सेवाशुल्क म्हणून आपोआप लागतात. काही प्रवासी ते शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन रद्द करवतात. निघण्यापूर्वीच ही रक्कम प्रवासखर्चात धरलेली बरी. अमेरिका आणि कॅनडा, दोन्हींचे व्हिसे लागतात, तेही बुकिंग करतानाच तपासावेत.

आणि आणखी एक, ज्याला पैसे पडत नाहीत. जेवण वाढणाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश लिहिलेला असतो. आडनाव ओळखीचं वाटलं तर सरळ मराठीत विचारावं, "गाव कुठलं?" उत्तर मिळेलच, पण त्याआधी बहुधा त्याचाच प्रश्न येतो: "तिकडे पाऊस सुरू झाला का?"